तुलना कोणाशी?



आपल्या जालना जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला की त्याच्या घरी सरकारी माणसं येतात. पोलीस येतात, तलाठी येतात. जबाब होतात, सातबारा जोडला जातो, बँकेकडून थकबाकीचा दाखला मागवला जातो, आणि ती फाईल तहसीलमार्गे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. समिती मुख्यतः तीन गोष्टी पाहते : नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं न फिटलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा. त्या सापडल्या तर प्रकरण ‘पात्र’, नाहीतर ‘अपात्र’. पात्र कुटुंबाला २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार लगेच आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात.

मी मानसशास्त्राचा शिक्षक आहे. या फाईलमध्ये नसलेल्या एका घराबद्दल मला आज बोलायचं आहे. ते घर शेजारचं. तिथेही तेवढीच कोरडवाहू जमीन आहे, त्याच सोसायटीचं कर्ज आहे, कापसाला तोच भाव मिळाला आहे आणि पावसाने त्यालाही तितकंच छळलं आहे. त्या घरातला माणूस जिवंत आहे. त्याचा जबाब कोणी घेत नाही.

फाईल मदतीसाठी असते, संशोधनासाठी नसते, हे मला मान्य आहे. पण पुढे काय होतं ते पाहा. याच फायलींमधून आकडे निघतात, ते विधानसभेत वाचले जातात, वर्तमानपत्रांत छापले जातात, आणि ‘शेतकरी आत्महत्या का करतो’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून आपण ते स्वीकारतो. उत्तर ठरलेलं असतं : कर्ज आणि नापिकी. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. ते बरोबर आहे की चूक, किती बरोबर आहे, हे या पद्धतीने कळूच शकत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्या घरात कर्ता पुरुष गेला, तिथल्या बाईला विचारणारा माणूस कर्जाचा कागद शोधतोय हे तिला दिसत असतं. नवऱ्याला महिनोन्‌महिने झोप लागत नव्हती, पोट दुखायचं म्हणून तो डॉक्टर बदलत होता, दारू वाढली होती, हे ती कशाला सांगेल? सांगितलं तर पोरांच्या तोंडचा घास जाण्याची भीती. त्या बाईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष प्रश्न विचारण्याच्या रचनेत आहे.

संशोधनाचा आराखडा म्हणजे हीच रचना. कोणाला विचारायचं, केव्हा विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर कशाशेजारी ठेवून वाचायचं. मानसशास्त्रात डझनभर आराखडे शिकवले जातात, त्यांची जड नावं विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. मला त्या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो : तुलना कोणाशी?

हा प्रश्न जालन्याला नवा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये याच शहरात महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, आणि तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला तुरीचा बीडीएन-७११ वाण तुमच्यापैकी अनेकांनी पेरला असेल. असा वाण बाहेर येण्याआधी काय होतं? नवा वाण एका मोठ्या वावरात पेरला, चांगला आला आणि दिला सोडून, असं होत नाही. शेजारी जुना, माहितीतला तुल्य वाण पेरतात. वावराचा एक कोपरा मुरमाड असतो, दुसरीकडे पाणी साचतं. म्हणून जमीन पट्ट्यांमध्ये विभागतात आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण लावतात. कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल हे संशोधक मनाने ठरवत नाही. चिठ्ठीने ठरतं. कारण माणूस नकळत का होईना, आपल्या लाडक्या वाणाला चांगली जमीन देतो.

ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी घडवली. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती केंद्रात ते १९१९ मध्ये रुजू झाले, आणि १९३५ मध्ये त्यांनी प्रयोगांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. मानसशास्त्राने पुढे जो सांख्यिकी कारभार उचलला, तो बराचसा या शेतातून आलेला आहे. अर्थात, मनाच्या अभ्यासात चिठ्ठीचा वापर त्याआधीही झाला होता. अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८४ च्या सुमारास वजनातला सूक्ष्म फरक माणसाला जाणवतो का हे तपासलं, तेव्हा जड वजन आधी द्यायचं की हलकं, हे पत्ते पिसून ठरवलं होतं. पण शेतकऱ्यांसमोर बोलताना मला फिशरचा रस्ता जवळचा वाटतो.

आता गोव्यात घडलेला एक प्रयोग सविस्तर सांगतो, कारण तुलनेची किंमत त्याच्याइतकी स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेली नाही. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगाथ’ या संस्थेने ‘मानस’ नावाचा अभ्यास केला; त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रश्न साधा होता. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत. मग गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं तर रुग्ण बरे होतील का? चोवीस दवाखाने निवडले : बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टर. कुठे समुपदेशक बसवायचा आणि कुठे नाही, हे चिठ्ठीने ठरलं. चिठ्ठी रुग्णांची टाकली नाही, दवाखान्यांची टाकली. एकाच केंद्रात निम्म्या रुग्णांना समुपदेशक द्यायचा आणि निम्म्यांना नाही म्हटलं, तर ओसरीत बसलेले लोक एकमेकांशी बोलणारच, डॉक्टरच्या वागण्यातही फरक पडणारच. म्हणून अख्खं केंद्र हाच एक वाफा.

सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होते तिथे, निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झालेले आढळले. खासगी दवाखान्यांत, समुपदेशक असलेल्या ठिकाणी, सुमारे ६४ टक्के. इथे थांबलो असतो तर? अहवाल लिहिला गेला असता की योजना दोन्हीकडे सारखीच यशस्वी आहे, तीनपैकी दोन माणसं बरी होतात, सगळीकडे राबवा. तो अहवाल वाचून कोणीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण समुपदेशक नसलेले दवाखाने शेजारी होते. सरकारी केंद्रांत समुपदेशकाविना सुमारे ४२ टक्केच बरे झाले होते, म्हणजे समुपदेशकाने मोठा फरक पाडला होता. खासगीत मात्र समुपदेशकाविनाही सुमारे ६६ टक्के बरे झाले होते. तिथे समुपदेशकामुळे फरक पडल्याचा पुरावा नव्हता. जवळजवळ सारखा आकडा, एका जागी यश आणि दुसऱ्या जागी काहीच नाही. आणि हे फक्त समुपदेशक न दिलेल्या वाफ्याने सांगितलं.

मानसिक दुःखाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं आहे. माणूस सर्वांत वाईट दिवसांत दवाखान्यात येतो, आणि वाईट दिवसांनंतर बहुधा थोडे बरे दिवस येतातच. मधल्या काळात जो उपचार झाला, त्याला श्रेय मिळतं. मग ते औषध असो, अंगारा असो की सरकारी योजना.

विदर्भातला ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प याच कसोटीवर पाहू. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत हे काम केलं. कामाचा मला मनापासून आदर आहे, कारण ते गावात जाऊन, गावच्या माणसांना शिकवून झालं. सुरुवातीला गावांत पाहणी झाली आणि अठरा महिन्यांनी पुन्हा झाली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आलं, आणि मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. आराखडा होता आधी आणि नंतरचा. तुलनेची गावं नव्हती.

यातल्या पहिल्या आकड्यावर मी विश्वास ठेवतो. उपचाराला जाणाऱ्यांची संख्या गावात आपोआप सहापट होत नाही. कोणीतरी घरी जाऊन, समजावून, दवाखान्यापर्यंत नेल्याशिवाय ती वाढत नाही. दुसऱ्या दोन आकड्यांबद्दल मात्र मी हात राखून बोलेन. मधल्या काळात पाऊस, भाव, कर्ज, लग्नसराई हे सगळंच हललेलं असतं. त्या काळात आलेलं २०१४ हे तर दुष्काळाचं वर्ष होतं, म्हणजे कदाचित योजनेचा परिणाम दिसतो त्याहून मोठाही असेल. पण ‘कदाचित’वर थांबावं लागतं. एकाच अभ्यासातला एक आकडा घट्ट आणि दुसरा सैल असू शकतो, ही गोष्ट आपण वाचक म्हणून शिकली पाहिजे.

आधी-नंतरची तुलना अधिक हुशारीने कशी करता येते, याचं उदाहरण तमिळनाडूत आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तर्काची आणि एकाग्रतेची चाचणी दिली : तीच माणसं, एकदा तोडीआधी हातात पैसा नसताना, एकदा तोडीनंतर. ५४ गावं, ४६४ शेतकरी. त्यांचा लेख २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तोडीआधी त्याच माणसाची कामगिरी कमी भरली. इथे तुलना माणसाची स्वतःशीच आहे, त्यामुळे शिक्षण, वय, स्वभाव हे सगळे फरक गळून पडतात. तरी शंका उरते की दुसऱ्यांदा दिलेली चाचणी सोपी जाते. त्यासाठी काही शेतकऱ्यांची पहिलीच चाचणी तोडीनंतर घेऊन ताडून पाहिलं. ऋतूचा परिणाम असेल का? तोडीची पाळी कारखाना ठरवतो, शेतकरी ठरवत नाही. त्यामुळे एकाच महिन्यात कोणाचा ऊस उभा असतो आणि कोणाचा पैसा हातात असतो. अंबड-घनसावंगीच्या ऊसवाल्यांना हे सांगायला नको. कारखान्याच्या पाळीने नकळत चिठ्ठीचं काम केलं.

एवढं असूनही तो शेवटचा शब्द ठरला नाही. त्याच्या आकडेमोडीवर आक्षेप आले. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तुलना झाली, तिथे बुद्धीच्या कामात तसा फरक दिसला नाही. पगार दर पंधरवड्याला किंवा महिन्याला येतो, ऊस वर्षातून एकदा. फरक त्यामुळेही असेल. मराठवाड्यात कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्यावर हा अभ्यास कोणीतरी करायला हवा, जूनमध्ये बियाणं उसनवारीने घेताना आणि डिसेंबरमध्ये कापूस विकल्यावर. आमच्या महाविद्यालयांतल्या मानसशास्त्र विभागांना तो झेपेल. शंभर विद्यार्थ्यांकडून चिंतेची प्रश्नावली भरून घेऊन शहरी-ग्रामीण, मुलगा-मुलगी असे तक्ते करण्यात आपण फार वर्षं घालवली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कर्ज, दुष्काळ, बापाचा मृत्यू यांच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, टाकूही नयेत. मग जे घडून गेलंय त्यावरून मागे जावं लागतं. मृत्यू झालेली घरं घ्यायची, त्यांच्यासारखीच न झालेली घरं घ्यायची, आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजीत मिश्रा यांनी २००६ च्या अहवालात वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांत हेच केलं : आत्महत्या झालेली १११ कुटुंबं आणि न झालेली १०६. आत्महत्या झालेल्या घरांपैकी सुमारे ८७ टक्के कर्जबाजारी होती. हा आकडा एकटा वाचला तर फाईल आणि संशोधन यात फरकच नाही. शेजारची घरं वाचली की चित्र अधिक बारकाव्यांचं होतं. कर्ज तिथेही होतं, पण थकलेली रक्कम कमी होती. आणि एक गोष्ट अशी सापडली जी कोणत्याही फाईलमध्ये रकाना म्हणून नाही : आत्महत्या झालेल्या घरांकडे बैल कमी होते. बैल म्हणजे पेरणीचं बळ, आणि अडचणीत बाजारात नेऊन उभा करता येणारा पैसाही. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय हे कोणाला सुचलं असतं?

या आराखड्यात खड्डे आहेत, आणि ते ओलांडूनच जावं लागतं. शोकात असलेलं घर भूतकाळ उकरून कारण शोधत असतं, म्हणून त्याला जास्त आठवतं. शेजाऱ्याला तसा शोध घ्यायचा नसतो. दुसरं म्हणजे, जुळवाजुळव कशाची करायची हे सांभाळावं लागतं. मृताइतकंच कर्ज असलेला शेजारी शोधून काढला, तर कर्जाचा परिणाम त्या अभ्यासात दिसणारच नाही. आपणच तो पुसून टाकलेला असतो. वय, गाव आणि जमीन जुळवावी, कर्ज मोकळं सोडावं. सेवाग्रामला प्रकाश बेहेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आजाराच्या अंगाने अशीच जुळवलेल्या जोड्यांची पाहणी केली आहे.

जिल्ह्याजिल्ह्याच्या आकड्यांवरून बोलणं हा आणखी एक मार्ग, एमिल द्यूरकेमने १८९७ मध्ये रूढ केलेला. पाऊस कमी झालेल्या तालुक्यात आत्महत्या जास्त झाल्या, एवढंच त्यातून कळतं. ज्यांची विहीर आटली तेच गेले का, हे कळत नाही.

वेळ देण्याची तयारी असेल तर एक आराखडा या सगळ्यांपेक्षा मला मोलाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांपासून एक अभ्यास सुरू केला. गरोदरपणात त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, जन्मलेली मुलं मोजली, आणि त्या मुलांचा पाठपुरावा दशकानुदशकं चालू ठेवला. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या. ज्यांच्या आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्या मुलांचं लक्ष टिकवण्याचं आणि आकडे लक्षात ठेवण्याचं काम इतरांपेक्षा मंद होतं. इथे आठवणीवर विसंबावं लागलं नाही. नमुना नऊ वर्षांपूर्वीच शीतपेटीत होता. तरी एक शंका उरतेच, की ब-१२ कमी असलेल्या घरात आणखीही काही कमी असेल. म्हणून २०१२ मध्ये याच गावांतल्या, आता तरुण झालेल्या मुलामुलींवर चिठ्ठीने गट पाडून प्रयोग सुरू झाला. काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पुढे त्यातल्या मुलींना बाळं झाली. ती दोन वर्षांची झाल्यावर, नुसतं ब-१२ घेतलेल्या आयांच्या बाळांची समज आणि भाषा अधिक चांगली भरली. इतर पोषकंही मिळालेल्या गटात मात्र तसा फायदा दिसला नाही. का, ते अजून उलगडायचं आहे. बाळांची संख्याही लहान होती. पण वीस-पंचवीस वर्षं एका गावात टिकून राहून, आधी निरीक्षण आणि मग प्रयोग, असा एकाच प्रश्नाचा पाठलाग आपल्या महाराष्ट्रात झाला आहे, आणि तो खेड्यात झाला आहे.

एकाच माणसाची दीर्घ मुलाखत या सगळ्यांपुढे दुबळी मानली जाते. मला ते पटत नाही. ‘किती’ या प्रश्नाला ती निरुपयोगी आहे, पण काय विचारायचं हे तिच्याशिवाय सुचत नाही. गावात माणूस उदास आहे असं सांगत नाही. अंग दुखतं, छाती धडधडते, वावरात मन लागत नाही असं सांगतो. हे ऐकल्याशिवाय केलेली प्रश्नावली त्याच्यापर्यंत पोचत नाही.

राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. जालना त्यात आहे. आशाताई घरोघर जाऊन नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरतात : मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उमेद कशी होती, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. कल्पना चांगली आहे. पण हे चौदा जिल्हे निवडले गेले ते तिथे आत्महत्या जास्त होत्या म्हणून. सर्वांत वाईट काळात निवडलेल्या जागी पुढचे आकडे काही प्रमाणात आपोआपच उतरतात, आणि त्या उताराला प्रकल्पाचं यश म्हणणं किंवा न उतरल्यास अपयश म्हणणं, दोन्ही घाईचं आहे. शिवाय जूनमधले दोन आठवडे आणि जानेवारीतले दोन आठवडे एका तक्त्यात मिसळता येत नाहीत.

यापुढे कोणतीही नवी योजना येईल तेव्हा ती जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एकाच दिवशी पोचणार नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं कमी असतात, प्रशिक्षणाला वेळ लागतो. मग आधी भोकरदन की मंठा, आधी जाफराबाद की परतूर, हे कोणाच्या वजनावर न ठरवता सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावं. सगळ्यांनाच योजना मिळते, कोणी वंचित राहत नाही. आणि ज्यांची पाळी नंतर आहे, ते तालुके तोवर तुल्य वाणाचं काम करतात. फक्त सुरुवातीपासून आठही ठिकाणी सारखीच मोजणी व्हायला हवी. याला जादा पैसा फारसा लागत नाही.

आणि आत्महत्येच्या प्रत्येक प्रकरणामागे, मदतीच्या फाईलपासून पूर्ण वेगळी, एक दुसरी चौकशी व्हावी. ती महसूल खात्याने करू नये. महाविद्यालयाच्या विभागाने करावी, नैतिक समितीची परवानगी घेऊन. ते कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कधीही जाणार नाहीत हे कुटुंबाला लेखी द्यावं. त्याच गावातली, त्याच वयाच्या कर्त्या पुरुषाची, साधारण तेवढ्याच जमिनीची दोन घरं गावच्या यादीतून चिठ्ठीने निवडावीत आणि तिन्ही घरांत तेच प्रश्न विचारावेत : कर्ज किती, कोणाचं, बैल आहेत का, झोप लागते का, दारू किती, रात्री बोलायला कोण आहे. शेजारच्या घरात विचारताना एखादा माणूस म्हणेल, माझ्याही मनात ते येतं. असं होणार हे धरूनच जायचं. विचारणाऱ्याने तिथे कागद बाजूला ठेवायचा, घरच्यांना जवळ बोलवायचं, कीटकनाशकाचे डबे कुठे आहेत ते पाहायचं, १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात जायचं. ज्या विभागाकडे एवढी तयारी नसेल, त्याने ही चौकशी हाती घेऊ नये.